नोकरीपूर्व पडताळणीत पोलीस प्रकरण कसे दिसते : विदर्भातील गावाकडच्या उमेदवारांसाठी मार्गदर्शक

धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, झालेली मारामारी, पोळ्याच्या पाडव्याला जुगारावर पडलेली धाड, भावाच्या लग्नाला जाताना गाडीत सापडलेली दारूची बाटली किंवा सोयाबीनच्या भावासाठी केलेला रास्ता रोको, अशा प्रसंगांतून दाखल झालेला गुन्हा गाव दोन हंगामांत विसरून जाते. तो कागद मात्र ठाण्यात आणि तालुक्याच्या न्यायालयात तसाच असतो. बुटीबोरीच्या कारखान्यात, मिहानमधील कंपनीत, कोळसा खाणीच्या कंत्राटात, सुरक्षारक्षकाच्या कामावर किंवा पोलीस भरतीत निवड झाली की तोच कागद पुन्हा वर येतो. माझ्या नावावर असे एक प्रकरण होते. धुऱ्याच्या वादात घरातील सगळ्या पुरुषांची नावे फिर्यादीत घातली गेली होती, त्यात माझेही होते. निर्दोष सुटल्यानंतर मी खासगी आणि सरकारी अशा दोन्ही पडताळण्यांतून गेलो आणि पुढे गावातील मुलांची कागदपत्रे जुळवून देत राहिलो. त्यातून जे कळले ते येथे क्रमाने मांडले आहे. प्रकरण गंभीर असेल तर वकिलाला पर्याय नाही, परंतु वकिलाकडे काय घेऊन जायचे आणि काय विचारायचे हे तरी या लेखातून कळावे.

१. तुमची पडताळणी कोण करणार, हे आधी विचारून घ्या

पडताळणीच्या वाटा दोन आहेत आणि दोन्हींत दिसणाऱ्या गोष्टी वेगळ्या आहेत.

पहिली वाट पोलिसांची. सरकारी नोकरी, सैन्य व निमलष्करी दले, सुरक्षा एजन्सी आणि बऱ्याच कारखान्यांतील कंत्राटी कामे यांसाठी पोलिसांचा चारित्र्य पडताळणी दाखला लागतो. अर्ज पोलीस अधीक्षक कार्यालयाच्या जिल्हा विशेष शाखेमार्फत तुमच्या ठाण्यात येतो. तेथील गोपनीय अंमलदार ठाण्याच्या नोंदवह्या आणि सीसीटीएनएस ही देशभरातील ठाण्यांना जोडणारी संगणकप्रणाली पाहतो, गरज वाटल्यास पोलीस पाटलाला विचारतो आणि अहवाल वर पाठवतो. या वाटेने न्यायालयापर्यंत न गेलेली प्रकरणेसुद्धा दिसू शकतात.

दुसरी वाट खासगी कंपन्यांची. मोठी कंपनी हे काम स्वतः करत नाही, तर पडताळणी करणाऱ्या दुसऱ्या कंपनीला देते. त्या कंपनीला पोलिसांची अंतर्गत नोंद पाहता येत नाही. ती तुमचे नाव, वडिलांचे नाव आणि पत्ता घेऊन ई-कोर्ट्स या न्यायालयांच्या संकेतस्थळावरील नोंदी, उच्च न्यायालयाचे निकाल आणि पोलिसांनी संकेतस्थळावर प्रसिद्ध केलेले प्रथम खबर अहवाल (एफआयआर) शोधते, आणि बहुधा एखाद्या वकिलाच्या सहीने अहवाल देते. त्या अहवालात हिरवा, पिवळा, लाल असे शेरे असतात. लाल शेरा म्हणजे नोकरी गेली असे नाही, पण खुलासा द्यावाच लागतो. या वाटेने दिवाणी दावेही दिसतात. वाटणीच्या दाव्यात काकांनी तुम्हाला प्रतिवादी केले असेल तर तेही नाव अहवालात येईल. त्याने घाबरून जाऊ नये, ‘हा वडिलोपार्जित शेतीचा दिवाणी दावा आहे’ असे एका ओळीत कळवावे.

निवडीचे पत्र आल्यावर मनुष्यबळ विभागाला एकच प्रश्न विचारा : पोलिसांचा दाखला हवा आहे, की तुमची कंपनीच न्यायालयीन नोंदी तपासणार आहे? उत्तर मिळाल्यावर पुढची तयारी ठरते.

२. तुमच्या नावावर नेमके काय आहे, ते ओळखा

गावात सगळ्यालाच ‘केस’ म्हणतात आणि सर्वांत जास्त गोंधळ तेथूनच सुरू होतो. ठाण्यात तुमचे नाव लिहिले गेले याचे अनेक अर्थ होतात आणि अर्जातील उत्तर त्यावरच अवलंबून असते.

अदखलपात्र नोंद, म्हणजे एनसी, हा सर्वांत हलका प्रकार. साधी मारहाण, शिवीगाळ आणि धमकी, म्हणजे जुन्या भारतीय दंड संहितेची कलमे ३२३, ५०४, ५०६, एवढेच असेल तर साधारणपणे एनसी नोंदवून फिर्यादीला तिची प्रत दिली जाते. न्यायदंडाधिकाऱ्याच्या आदेशाशिवाय पोलीस तिचा तपास करू शकत नाहीत. त्यामुळे बहुतेक एनसी न्यायालयात जातच नाहीत आणि खासगी पडताळणीत दिसत नाहीत. ठाण्याच्या नोंदवहीत मात्र त्या असतात.

दुसरा प्रकार प्रतिबंधक कारवाईचा. निवडणूक, गणपती-दुर्गा उत्सव किंवा गावातील तणावाच्या वेळी जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १०७ किंवा १५१ खाली बोलावून शांतता राखण्याचे बंधपत्र लिहून घेतात. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत हीच कलमे अनुक्रमे १२६ आणि १७० झाली आहेत. ही कारवाई म्हणजे शिक्षा नव्हे, गुन्ह्याचा खटलाही नव्हे. तरीही केंद्र सरकारच्या साक्षांकन नमुन्यात, म्हणजे नोकरीपूर्वी भरून द्यायच्या माहितीपत्रात, ‘तुमच्याकडून कधी बंधपत्र घेण्यात आले आहे काय’ हा प्रश्न स्वतंत्रपणे विचारलेला असतो. तहसील कार्यालयात सही करून परत आलेल्या मुलाला तो प्रश्न आपल्याला लागू आहे याची कल्पनाच नसते.

तिसरा प्रकार दखलपात्र गुन्ह्याचा, ज्यात प्रथम खबर अहवाल नोंदला जातो. आपल्या भागातील भांडणांच्या अहवालांत २९४, ३२३, ५०६ आणि ३४ (अनेकांनी मिळून केल्याचे कलम) ही कलमे एकत्र दिसतात. त्यातले २९४, म्हणजे सार्वजनिक ठिकाणी अश्लील शिवीगाळ, हे दखलपात्र असल्यामुळे एरवी एनसी राहिली असती ती तक्रार गुन्हा म्हणून नोंदवली जाते. काठी किंवा विळा वापरला असेल तर ३२४ लागते. १ जुलै २०२४ पासूनच्या घटनांना दंड संहितेऐवजी भारतीय न्याय संहिता लागू होते. तिच्यात ३२३ चे ११५(२), ५०४ चे ३५२, ५०६ चे ३५१ आणि २९४ चे २९६ झाले आहे. जुन्या घटनेचा अर्ज आज भरत असलात, तरी कलमे अहवालात आहेत तशीच लिहावीत.

गुन्हा नोंदल्यानंतरही चित्र बदलू शकते. तपासात पुरावा मिळाला नाही म्हणून काही जणांची नावे दोषारोपपत्रातून वगळली जातात. कधी पोलीस अ, ब किंवा क समरी, म्हणजे तपास बंद करण्याचा अहवाल, पाठवतात आणि न्यायालय ती मंजूर करते. अशा वेळी तुमच्यावर खटला चाललाच नाही, एवढेच सत्य असते. पण ते सिद्ध करणारा कागद तुमच्या हातात नसेल, तर प्रसिद्ध झालेल्या प्रथम खबर अहवालातील तुमचे नाव तेवढे दिसत राहते.

अटक या शब्दाविषयीही स्पष्टता हवी. किरकोळ गुन्ह्यांत पोलीस आता बहुधा अटक न करता हजर राहण्याचे सूचनापत्र देतात. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ते कलम ४१-अ खाली दिले जाई, आता नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५(३) खाली दिले जाते. सूचनापत्रावर सही करून तुम्ही घरी आला असाल आणि नंतर न्यायालयात जामीन घेतला असेल, तर तुमच्यावर खटला चालला हे खरे, पण अटक झाली हे खरे असेलच असे नाही. अटक पंचनामा किंवा अटक पत्रक आहे का, हे दोषारोपपत्राच्या नकलेत पाहून मगच ‘होय’ किंवा ‘नाही’ लिहा.

३. कंपनीच्या आधी स्वतःचा शोध स्वतः घ्या

ई-कोर्ट्सचे ॲप किंवा संकेतस्थळ उघडा. राज्य, जिल्हा आणि न्यायालय संकुल निवडा. पक्षकाराच्या नावाने शोध घेण्याची सोय तेथे आहे, परंतु ती वर्षागणिक चालते. म्हणून घटनेचे वर्ष आणि त्यापुढची दोन-तीन वर्षे अशी सगळी पाहावीत, कारण गुन्हा एका वर्षी नोंदला जातो आणि दोषारोपपत्र दुसऱ्या वर्षी दाखल होते. प्रलंबित आणि निकाली असे दोन्ही पर्याय तपासा.

नाव इंग्रजीत टंकलेले असते आणि तेथेच गडबड होते. वानखेडे हे आडनाव कोणी डब्ल्यूने लिहितो, कोणी व्हीने. मेश्राममधील ‘श्रा’ची आणि ठाकरेंच्या ‘ठा’ची स्पेलिंगे ठाण्याच्या टंकलेखकागणिक बदलतात. कधी केवळ नाव आणि वडिलांचे नाव असते, आडनाव नसतेच. आधी फक्त आडनावाची तीन-चार अक्षरे टाका, मग केवळ पहिले नाव, मग वडिलांचे नाव. घरातील दुसऱ्या आरोपीच्या नावानेही शोधा. प्रकरणाच्या शीर्षकात अनेकदा पहिल्या आरोपीचेच नाव असते आणि तुम्ही ‘व इतर’मध्ये असता.

प्रकरण सापडले की सोळा अक्षरांचा सीएनआर क्रमांक, म्हणजे त्या प्रकरणाचा ओळख क्रमांक, उतरवून घ्या. प्रकरणाच्या प्रकारात एससीसी म्हणजे संक्षिप्त फौजदारी प्रकरण, आरसीसी म्हणजे नियमित फौजदारी प्रकरण. सत्र न्यायालयातील प्रकरणाला सेशन केस म्हणतात. निकालाच्या रकान्यात नुसते ‘निकाली’ असे दिसते की ‘निर्दोष मुक्तता’ असे, हेही लिहून ठेवा. नुसते ‘निकाली’ दिसत असेल तर पडताळणी करणाऱ्याला शिक्षा झाली की सुटका झाली हे कळत नाही, आणि अहवालात पिवळा शेरा पडतो.

काही सापडले नाही म्हणून निश्चिंत होऊ नका. जुनी प्रकरणे, विशेषतः संगणकीकरणापूर्वी निकाली निघालेली, तेथे नसू शकतात. मग महाराष्ट्र पोलिसांच्या नागरिकांसाठीच्या संकेतस्थळावर प्रथम खबर अहवाल पाहावेत. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या आदेशानुसार संवेदनशील प्रकरणे वगळता हे अहवाल तेथे प्रसिद्ध होतात. त्यानंतर ठाण्यात जाऊन अपराध क्रमांक विचारा. ठाणेदाराला भेटायला एकट्याने संकोच वाटत असेल तर पोलीस पाटलाला सोबत न्या. आपल्या नावावर काय आहे हे विचारण्यात गैर काही नाही.

वनहक्क, मोहफूल, सरपण किंवा शिकारीच्या कारणाने वनविभागाने पीओआर (वनगुन्ह्याची प्राथमिक नोंद) फाडली असेल, तर ती पोलिसांच्या प्रणालीत नसते. वनपरिक्षेत्र कार्यालयात चौकशी करावी लागते. ती तडजोड शुल्क भरून तेथेच मिटली की न्यायालयात गेली, एवढे विचारले तरी पुरते. कृषिपंपासाठी विजेच्या तारेवर आकडा टाकल्याचे प्रकरणही तडजोडीने मिटू शकते. विद्युत कायदा, २००३ च्या कलम १५२ खाली ठरलेली रक्कम भरून तडजोड झाली असेल तर कायद्याने ती निर्दोष मुक्तता मानली जाते. पावती जपून ठेवा.

४. गावात मिटलेले प्रकरण न्यायालयात मिटले का, ते पाहा

या लेखातील सर्वांत महत्त्वाचा भाग हाच आहे, कारण आपल्याकडची सर्वाधिक मुले येथेच अडकतात.

२००७ पासून तंटामुक्त गाव मोहिमेने पुष्कळ भांडणे गावातच संपवली, हे चांगलेच झाले. समितीपुढे दोन्ही पक्ष बसतात, समजोता लिहिला जातो, हात मिळवले जातात आणि मंडळी चहा पिऊन घरी जातात. पण दोषारोपपत्र आधीच न्यायालयात गेलेले असेल, तर शंभर रुपयांच्या मुद्रांकावरील त्या समजोत्याने खटला बंद होत नाही. फिर्यादीने न्यायालयात हजर राहून तडजोडीची पुरसीस, म्हणजे लेखी निवेदन, द्यावी लागते आणि न्यायालयाने ती मंजूर करावी लागते. तसे झाले तर कायद्याने निर्दोष मुक्ततेचा परिणाम होतो. तसे न झाल्यास तारखा पडत राहतात. आरोपी ‘आपले तर मिटले’ म्हणून जात नाही, आधी समन्स निघते, मग वॉरंट निघते आणि शेवटी प्रकरण डॉर्मंट फाईलला, म्हणजे आरोपी सापडत नाही म्हणून बाजूला ठेवलेल्या प्रकरणांत, जाऊन पडते. दहा वर्षांनी पडताळणीत ते ‘प्रलंबित’ म्हणूनच दिसते, वर वॉरंटही असते. ज्याच्याशी भांडण झाले त्याच्याच मुलीच्या लग्नात तुम्ही पंगत वाढलेली असली, तरी नोंदीत तुम्ही न्यायालयाला गुंगारा देणारे आरोपी ठरता.

असे आढळले तर वकिलामार्फत स्वतःहून हजर व्हा, वॉरंट रद्द करण्याचा अर्ज द्या आणि मग तडजोडीचे पाहा. येथे आणखी एक अडचण येते. ३२३, ५०४ आणि ५०६ ही कलमे तडजोडीस पात्र आहेत, पण भारतीय दंड संहितेखालील प्रकरणात २९४ किंवा ३२४ असेल तर न्यायदंडाधिकारी केवळ तडजोडीवर पूर्ण प्रकरण बंद करू शकत नाहीत. मग वाटा दोनच उरतात. एक तर साक्षीपुरावा होऊन निकाल लागू द्यायचा, किंवा दोन्ही पक्षांच्या संमतीने उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात गुन्हा रद्द करण्याचा अर्ज करायचा. दुसऱ्या वाटेला खर्च येतो, पण भरतीची तारीख जवळ असेल तर तिचा विचार करावा.

आंदोलनातील गुन्ह्यांचेही असेच आहे. सरकारने गुन्हे मागे घेण्याची घोषणा केली की नेते सत्कार करून घेतात आणि पोरांना वाटते की सुटलो. घोषणेने खटला संपत नाही. सरकारी अभियोक्त्याने न्यायालयात अर्ज करावा लागतो आणि न्यायालयाची संमती लागते. पूर्वी हे फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम ३२१ होते, आता नागरिक सुरक्षा संहितेचे ३६० आहे. तुमच्या प्रकरणात तसा आदेश झाला का, हे सीएनआर क्रमांकावर पाहा. टाळेबंदीच्या काळातील कलम १८८ च्या, म्हणजे सरकारी आदेश मोडल्याच्या, प्रकरणांनाही हेच लागू आहे.

५. ‘दंड भरून मोकळे व्हा’ या सल्ल्यापासून सावध राहा

वर्धा जिल्ह्यात १९७५ पासून आणि गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे. चंद्रपुरात ती २०१५ ते २०२१ या काळात होती. यवतमाळकडून कळंब ओलांडून देवळीकडे येताना किंवा नागपुराहून सेलूकडे जाताना जी बाटली पाच मिनिटांपूर्वी दुकानातून उघडपणे विकत घेतली, तीच जिल्ह्याची सीमा ओलांडताच दारूबंदी कायद्याच्या कलम ६५ ई चा गुन्हा होते. अशी प्रकरणे वर्षानुवर्षे साचतात. मग एक दिवस न्यायालयाच्या आवारात कोणीतरी सांगतो की कबूल करून टाक, पाचशे-हजार दंड भर आणि मोकळा हो.

गुन्हा कबूल करून दंड भरणे म्हणजे शिक्षा होणे. न्यायालय उठेपर्यंत बसवून ठेवले तरी ती शिक्षाच आहे. पाचशे रुपयांची पावती खिशात घालून घरी आलेला मुलगा पुढे प्रत्येक अर्जात ‘शिक्षा झाली आहे काय’ या प्रश्नाला ‘होय’ लिहायला बांधला जातो. त्याने ‘नाही’ लिहिले तर ती माहिती दडवणूक ठरते. जुगार प्रतिबंधक कायद्याखालील सट्टापट्टीची, पोळ्याच्या जुगाराची आणि गडचिरोली-चंद्रपूरकडच्या कोंबडबाजाराची, म्हणजे कोंबड्यांच्या झुंजीवरील जुगाराची, प्रकरणे याच रीतीने निकाली निघतात. ज्याला पुढे नोकरी करायचीच नाही त्याने दंड भरावा, तो त्याचा प्रश्न आहे. पण विशीतल्या मुलाला हा सल्ला देणाऱ्याने त्याचे वय तरी पाहावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

लोकअदालतीत सही करण्यापूर्वीही आदेशात ‘तडजोड’ लिहिले जाणार की ‘गुन्हा कबूल’, हे वकिलाला विचारून घ्या. दोन्ही प्रकरणे त्याच दिवशी, त्याच मंडपात संपतात, आणि नंतरचा परिणाम उलट असतो.

दोष सिद्ध होणारच असेल, तर अपराधी परिवीक्षा अधिनियम, १९५८ चा लाभ मागता येतो का, हे वकिलाला विचारा. न्यायालयाने समज देऊन किंवा चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्रावर सोडले, तर त्या कायद्याच्या कलम १२ नुसार शिक्षेमुळे येणारी अपात्रता लागू होत नाही. दोषसिद्धीची नोंद मात्र राहते आणि विचारल्यास सांगावी लागते.

घटना घडली तेव्हा तुमचे वय अठरापेक्षा कमी होते का, हेही तपासा. बाल न्याय अधिनियम, २०१५ नुसार बालकाच्या प्रकरणामुळे पुढे अपात्रता येत नाही. प्रकरण संपलेले असेल तर चारित्र्य दाखल्यासाठी पोलिसांनी ती नोंद उघड करायची नसते. अपवाद फक्त सोळा वर्षांवरील मुलावरील काही निर्घृण अपराधांच्या खटल्यांचा आहे. शाळेच्या टीसीवरील जन्मतारीख आणि घटनेची तारीख शेजारी ठेवून पाहा. ठाण्यात वय अंदाजाने लिहिल्याची उदाहरणे आहेत.

प्रौढ व्यक्तीची फौजदारी नोंद ठरावीक वर्षांनी आपोआप पुसून टाकणारा सर्वसाधारण कायदा आपल्या देशात नाही. ‘नाव काढून देतो’ म्हणून पैसे मागणाऱ्या दलालाला दारातूनच परत पाठवा.

६. ही कागदपत्रे आधीच जमवा

प्रमाणित नकलेसाठी न्यायालयाच्या नक्कल विभागात अर्ज द्यावा लागतो. नक्कल हातात यायला वेळ लागतो आणि कंपनी खुलाशासाठी थोडेच दिवस देते. म्हणून निवड होण्याची वाट न पाहता हे आधीच करून ठेवा.

– प्रथम खबर अहवालाची प्रत
– दोषारोपपत्राची नक्कल, त्यातील आरोपींच्या यादीचे पान विशेषतः
– निकालपत्राची किंवा तडजोड मंजुरीच्या आदेशाची सही-शिक्क्याची नक्कल. समरी असेल तर ती मंजूर करणारा आदेश
– प्रकरण प्रलंबित असेल तर जामिनाचा आदेश आणि शेवटच्या तारखेचा रोजनामा (न्यायालयातील त्या दिवसाच्या कामाची नोंद)
– सीएनआर क्रमांकावरून काढलेली प्रकरणाची सद्यःस्थिती
– आधार, टीसी किंवा दहावीची गुणपत्रिका आणि रहिवासी दाखला, सर्वांवर नाव सारखे असलेले
– दंड किंवा तडजोड शुल्काची पावती

निकालपत्राची एक जादा नक्कल काढून ती अर्जासोबत ठाण्यात आणि पोलीस अधीक्षक कार्यालयात द्या आणि पोच घ्या. न्यायालयाचा निकाल पोलिसांच्या प्रणालीत चढलेला नसेल, तर दाखल्यावर ‘गुन्हा दाखल आहे’ एवढाच शेरा येऊ शकतो.

७. अर्जातील प्रश्न शब्दशः वाचा आणि तेवढेच उत्तर द्या

साक्षांकन नमुन्यात एकाच क्रमांकाखाली अनेक प्रश्न असतात : अटक झाली होती का, खटला चालला होता का, स्थानबद्ध केले होते का, बंधपत्र घेतले होते का, न्यायालयाने दंड केला होता का, शिक्षा झाली होती का, सध्या एखादे प्रकरण प्रलंबित आहे का. प्रत्येकाचे उत्तर स्वतंत्र आहे. निर्दोष सुटलेला उमेदवार ‘आता काहीच नाही’ या भावनेने सगळीकडे ‘नाही’ लिहितो आणि ‘खटला चालला होता का’ या प्रश्नाचे खोटे उत्तर त्याच्या सहीने नोंदले जाते.

सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये अवतार सिंग विरुद्ध भारत सरकार या प्रकरणात याविषयी सविस्तर सूत्रे घालून दिली आहेत. उमेदवाराने दिलेली माहिती खरी असली पाहिजे आणि दोषसिद्धी, निर्दोष मुक्तता, अटक किंवा प्रलंबित प्रकरण यांपैकी काहीही दडवू नये. प्रकरण क्षुल्लक असेल, उदाहरणार्थ तरुण वयात घोषणा दिल्याचे, तर दडवणूकही नियोक्ता आपल्या विवेकाने माफ करू शकतो. खरी माहिती दिली तरीही नियोक्त्याला पूर्वचारित्र्य तपासण्याचा अधिकार राहतो. आणि प्रश्न जेवढा स्पष्ट विचारला आहे तेवढीच माहिती देणे उमेदवारावर बंधनकारक असते. या शेवटच्या सूत्राचा आपल्याला उपयोग आहे. खासगी कंपनीच्या अर्जात ‘तुम्हाला कधी शिक्षा झाली आहे काय’ एवढेच विचारले असेल आणि तुम्ही निर्दोष सुटलेले असाल, तर ‘नाही’ हे खरे आणि पुरेसे उत्तर आहे. ‘कोणतेही प्रकरण कधी दाखल झाले होते काय’ असे विचारले असेल तर ‘होय’ लिहावेच लागेल.

‘होय’ लिहिताना कहाणी सांगू नका. फिर्यादी कसा वाईट आहे, राजकारण कसे होते, हे कोणी वाचत नाही. पुढील नमुना पुरेसा आहे :

‘होय. पोलीस ठाणे (नाव), जिल्हा (नाव) येथे अपराध क्रमांक (…)/२०१९, भारतीय दंड संहिता कलम २९४, ३२३, ५०६, ३४ अन्वये गुन्हा नोंद झाला होता. प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारी, (तालुका) यांच्या न्यायालयातील आर.सी.सी. क्रमांक (…)/२०१९ मध्ये दिनांक (…) रोजी निर्दोष मुक्तता झाली आहे. अटक झालेली नव्हती. निकालपत्राची प्रमाणित प्रत सोबत जोडली आहे.’

पोलीस आणि सुरक्षा दलांत जाणाऱ्यांनी एक गोष्ट लक्षात ठेवावी. तेथे केवळ ‘निर्दोष’ हा शब्द पुरत नाही. दिल्ली पोलिसांच्या भरतीविषयी २०१३ मध्ये निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाने संशयाचा फायदा मिळून झालेली सुटका आणि सन्मानपूर्वक झालेली सुटका यांत फरक केला आणि पोलीस दलाला उमेदवाराची योग्यता स्वतंत्रपणे तपासण्याचा अधिकार मान्य केला. म्हणून साक्षीदार फितूर झाल्याने सुटलेल्या मुलाने निकालपत्राचा शेवटचा परिच्छेद वकिलाकडून समजून घ्यावा आणि केवळ वर्दीच्या आशेवर इतर संधी सोडू नयेत.

८. नाव सारखे असेल तर

एकाच गावात एकाच आडनावाची चाळीस घरे आणि गजानन नावाचे पाच जण ही आपल्याकडे नवलाची गोष्ट नाही. उईके, आत्राम, राऊत, ठाकरे, कोणतेही आडनाव घ्या. पडताळणी करणाऱ्याला पुण्यात किंवा बंगळुरूत बसून हे कळत नाही, तो नाव आणि तालुका जुळला की शेरा मारतो.

अशा वेळी अहवालाची प्रत आणि प्रकरण क्रमांक लेखी मागा. त्या प्रकरणातील दोषारोपपत्राच्या आरोपी यादीत वडिलांचे नाव, वय आणि पत्ता असतो. ते पान, तुमचे आधार आणि टीसी, आणि ‘सदर प्रकरणातील आरोपी मी नव्हे’ असे प्रतिज्ञापत्र एकत्र पाठवा. पोलीस पाटलाचा दाखला जोडला तर उत्तम, पण एकट्या त्या दाखल्यावर कंपनी समाधान मानत नाही. ठाण्याने ‘अपराध क्रमांक अमुकमधील आरोपी ही वेगळी व्यक्ती आहे’ असे लिहून दिले तर विषय तेथेच संपतो.

९. पोलिसांचा दाखला काढताना

अर्ज ऑनलाइन भरावा लागतो. सेवा केंद्रावर भरून घेत असाल तर समोर बसून प्रत्येक रकाना वाचा. केंद्रचालक घाईत गुन्ह्याच्या रकान्यात ‘नाही’ निवडून पुढे जातो आणि खाली घोषणेवर नाव तुमचे असते. कंपनीचे पत्र, छायाचित्र, ओळखपत्र आणि पत्त्याचा पुरावा लागतो. गेल्या काही वर्षांत हैदराबाद, सुरत किंवा पुण्यात राहून काम केले असेल तर तो पत्ताही लिहा. केंद्राच्या साक्षांकन नमुन्यात मागील पाच वर्षांत जेथे एक वर्षाहून अधिक काळ राहिलात ती ठिकाणे विचारलेली असतात आणि तेथील पोलिसांकडूनही अहवाल मागवला जातो.

ठाण्यातून बोलावणे आले की मूळ कागद आणि निकालाची नक्कल घेऊन जा. पैसे मागितले गेले तर लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा १०६४ हा क्रमांक आहे.

१०. रुजू झाल्यानंतर आणि वकील परवडत नसेल तर

साक्षांकन नमुना दिल्यानंतर अटक झाली, खटला दाखल झाला किंवा शिक्षा झाली, तर ती माहिती ताबडतोब कळवण्याची अट त्याच नमुन्यात छापलेली असते. नोकरीच्या परिवीक्षा (प्रोबेशन) काळात गावाकडे भांडण झाले आणि कोणी सवयीने तुमचे नाव फिर्यादीत घातले, तर तुम्ही त्या दिवशी कामावर असल्याचा हजेरीपटाचा उतारा कार्यालयाकडून मागून घ्या. तो तपास अधिकाऱ्याला दिला तर दोषारोपपत्रापूर्वीच नाव वगळले जाऊ शकते, आणि कार्यालयाला कळवायच्या पत्रालाही तोच जोडता येतो.

वकिलाच्या फीची अडचण असेल तर तालुका न्यायालयाच्या आवारातील विधी सेवा समितीकडे जा. महिला, अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्ती, दिव्यांग आणि कोठडीतील व्यक्ती यांना उत्पन्नाची अट न लावता, आणि इतरांना उत्पन्नमर्यादेत, मोफत वकील मिळतो. दूरध्वनीवरून विचारायचे असेल तर १५१०० हा क्रमांक आहे. जाताना सीएनआर क्रमांक लिहिलेला कागद सोबत न्या, म्हणजे पहिल्याच भेटीत प्रकरण उघडून पाहता येते.